खैरनारांचा टँजिअरकर

प्रल्हाद खैरनारांना ॲन आर्बरला येऊन सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत त्यांना ‘तुमचं गाव कुठलं’ असं शंभर जणांनी तरी विचारलं असेल. ‘नंदुरबार’ म्हटलं की पुण्याचा माणूस ‘अच्छा, म्हणजे गुजरात बॉर्डरला ना?’ म्हणायचा आणि मुंबईचा माणूस ‘हो का’ म्हणून प्लेटमधल्या वड्याकडे वळायचा. एका डॉक्टरीणबाईंनी तर ‘ते कर्नाटकात ना?’ असं विचारलं होतं. त्या बाईंना खैरनारांनी आजतागायत माफ केलं नव्हतं.

तसा माणूस साधा. काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनिअर. हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून कुठल्या रस्त्यावर किती मीठ टाकायचं आणि बर्फ वितळल्यावर कुठला खड्डा आधी बुजवायचा, हे त्यांचं काम. महाराष्ट्र मंडळात निम्मे लोक डॉक्टर, उरलेले मोटार कंपन्यांमध्ये मोठमोठ्या हुद्द्यांवर. तिथे खैरनारांची आठवण व्हायची ती कुणाच्या गल्लीत बर्फाचा नांगर आला नाही तरच. ‘अहो खैरनार, आमच्याकडे अजून प्लाऊ आला नाही हो,’ असे फोन यायचे. खैरनार निमूटपणे गल्लीचं नाव लिहून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर बायकोला म्हणायचे, ‘ह्यांना माणूस नकोय, मीठ पाहिजे.’

पण एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे सगळे डॉक्टर झक मारत. खैरनारांकडे टँजिअरकर होता.

झालं होतं असं. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. त्यांची बायको रेखा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिची शिफ्ट सुटेपर्यंत ऊब मिळावी म्हणून खैरनार युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन बसत. हिंदुस्थानावरचं एखादं जाड पुस्तक काढायचं, शेवटची सूची उघडायची आणि ‘एन’ अक्षराखाली नंदुरबार शोधायचं, हा त्यांचा छंद. नागपूर सापडायचं, नाशिक सापडायचं, नंदुरबार कधीही नाही. त्या संध्याकाळी मात्र सापडलं. सहाशे वर्षांपूर्वी मोरोक्कोतल्या टँजिअर गावचा एक माणूस विशीत हजला म्हणून घराबाहेर पडला, तो चोवीस वर्षं घरी परतलाच नाही. दिल्लीच्या सुलतानाच्या पदरी काझी झाला. सुलतानानं त्याला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे धाडला, तेव्हा हा बहाद्दर दौलताबादेवरून थेट नंदुरबारला आला! त्यानं लिहिलं होतं की हे मराठ्यांचं लहानसं गाव आहे, इथले लोक हस्तकलेत तरबेज आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवायच्या आधी अंग धुतात आणि दारूला शिवत नाहीत.

खैरनारांनी ती ओळ तीनदा वाचली. मग खिशातली सगळी नाणी मशीनमध्ये घालून नऊ पानं झेरॉक्स केली. रेखा येऊन गाडीपाशी कुडकुडत उभी होती. तिला त्यांनी थंडीतच तिळाच्या तेलाची ओळ वाचून दाखवली. ‘आपली आई काय वापरायची गं फोडणीला? सांग, काय वापरायची?’ रेखा म्हणाली, ‘आधी गाडीचं दार उघडा.’

त्या दिवसापासून तो प्रवासी खैरनारांचा झाला. त्याचं लांबलचक अरबी नाव मंडळातल्या कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनीच त्याचं बारसं केलं. टँजिअरचा, म्हणून टँजिअरकर. जसे कोल्हापूरकर, सातारकर. ऑफिसातल्या जाड ड्रॉइंग पेपरवर त्यांनी चार फुटी नकाशा काढला. समुद्र निळ्या शाईचा, प्रवासाची वाट लाल. दिल्लीला जेवढा ठिपका, तेवढाच नंदुरबारला. खालच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात तारीख: इ.स. १३६५. हा नकाशा दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी तो बघावा लागे.

दर संक्रांतीच्या कार्यक्रमात जेवणाआधीची पंधरा मिनिटं खैरनारांची. संक्रांतच का, तर तीळ! ‘सहाशे वर्षांपूर्वी आमच्या गावच्या तिळाची कीर्ती मोरोक्कोपर्यंत गेली होती, मंडळी,’ अशी सुरुवात. मग जेवायच्या आधी अंग धुण्याचं वाक्य, मग दारूचं वाक्य. त्यावर एरवी कुणाच्या तरी घरच्या तळघरात व्हिस्की घेऊन बसणाऱ्या कंपूकडून हमखास हशा. आणि शेवटी हुकमाचा एक्का. दौलताबादच्या मराठी बायकांबद्दल टँजिअरकरानं लिहिलंय की देवानं यांना खास सौंदर्य दिलंय, विशेषतः नाकाचं आणि भुवयांचं. इथे झाडून सगळ्या बायका नाकाला हात लावायच्या. ‘पुढचं वाक्य पंगतीत सांगण्यासारखं नाही,’ असं म्हणून खैरनार कागद खिशात घालायचे आणि टाळ्या पडायच्या. लोक चेष्टाही करायचे, टँजिअरकर आले म्हणजे पानं घ्यायला हरकत नाही असं म्हणायचे. पण त्या पंधरा मिनिटांत कुणी नंदुरबारला गुजरातेत ढकलत नसे. आईवडील गेले होते, गावातलं घर विकलं गेलं होतं. नंदुरबार म्हणून त्यांच्याकडे जे काही उरलं होतं, ते या नऊ पानांत होतं.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये मृणालिनी वर्तक आली.

पुण्याची मुलगी, एकोणतीस-तीस वर्षांची, कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. पुण्यात अरबी शिकलेली, कैरोला दोन वर्षं राहिलेली, आणि आता इथल्या युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करायला आलेली. विषय काय, तर मध्ययुगातले मुसलमान प्रवासी आणि त्यांनी पाहिलेलं जग! गणपतीच्या जेवणात तिनं सहज सांगितलं की टँजिअरच्या प्रवाशाच्या चारशे वर्षं आधी बगदादचा एकजण आपल्या चौल बंदरात उतरला होता. चीनपर्यंत गलबतं नेणाऱ्या सौदागरांचं सांगितलं, आफ्रिकेच्या किनाऱ्याचं सांगितलं. भोवती हा घोळका. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर गिरीश नाडगौडा, ज्यांनी अकरा वर्षं खैरनारांचं भाषण घड्याळ बघत ऐकलं होतं, ते पुरणपोळी हातात तशीच धरून तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

खैरनार भांड्यांच्या टेबलापाशी उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, हिच्याकडे असले डझनभर प्रवासी आहेत. आपल्याकडे एकुलता एक. हिला नेमका तोच हवा होता?

नोव्हेंबरात नाडगौडांचा फोन आला. ‘खैरनार, यंदा संक्रांतीला मृणालिनीचा टॉक ठेवतोय. प्रॉपर स्लाइड शो. तुमचा प्रोजेक्टर चांगला आहे, तेव्हा स्लाइड्सचं तुम्ही बघा.’

‘आणि माझं?’

‘अहो, तुमचाच विषय आहे ना! ती ते सगळं डीटेलमध्ये सांगेल. तुम्हालाही जरा आराम.’

खैरनारांनी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि तासभर ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसत राहिले, जे सकाळीच उपसून झालं होतं. आत आल्यावर रेखा म्हणाली, ‘अहो, त्या माणसाला जाऊन सहाशे वर्षं झाली. तो आता कुणाचा व्हायचाय?’

‘तुला नाही कळणार. तू धुळ्याची.’

हेवा ही फार बारीक बारीक कुरतडणारी गोष्ट आहे. त्यांना मृणालिनीच्या अरबीचा हेवा वाटला, कैरोचा वाटला, लोक तिला प्रश्न विचारायचे त्याचा वाटला. आपल्याला अकरा वर्षांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. तिच्या कापडी पिशवीचासुद्धा त्यांना राग येऊ लागला. पण हे सगळं त्यांनी एक वेळ गिळलं असतं. गिळता आलं नाही ते सुमेधाचं.

सुमेधा त्यांची एकुलती एक लेक, सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. पहिल्या भाषणाच्या वेळी ती त्यांच्या मांडीवर बसली होती. पुढे मोठी झाली तशी मागच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसू लागली. बाप नंदुरबारबद्दल बोलायला लागला की ‘ओके, बाबा’ म्हणायची आणि जिना चढून वर जायची. दर रविवारी अंकलिपी घेऊन तिला मराठी शिकवायचा त्यांनी सहा वर्षं प्रयत्न केला, पण पोरगी ‘क’ आणि ‘फ’ मध्येच घोटाळे करत राहिली. आणि तीच सुमेधा आता दर शनिवारी मृणालिनीताईकडे अरबी लिपी शिकायला जायला लागली! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. तिसऱ्याच आठवड्यात तिनं उजवीकडून डावीकडे ‘नंदुरबार’ लिहिलं आणि तो कागद फ्रिजवर लावला. रेखाला केवढं कौतुक. खैरनार दूध काढायला फ्रिजपाशी गेले की तो कागद दिसायचा आणि त्यांना दुधाची इच्छा राहायची नाही. आपलं गाव आपल्या पोरीनं लिहिलं, पण दुसऱ्या कुणाकडून शिकून.

रस्ते निसरडे म्हणून तिला सोडायला-आणायला तेच जायचे. मृणालिनीच्या अपार्टमेंटखाली गाडीत हीटर लावून बसायचे. वरच्या खिडकीत दोन डोकी एका पुस्तकावर वाकलेली दिसायची. सुमेधा हसत खाली यायची, गाडीत बसली की गप्प. एकदा मृणालिनी स्वतः खाली आली, चपला घालून, बर्फात. ‘काका, वर या ना, चहा ठेवलाय. तुमच्याशी नंदुरबारबद्दल खूप बोलायचंय मला.’

‘नको,’ खैरनार म्हणाले. ‘मला मिठाचं बघायचंय.’

शनिवारी दुपारी, सुटीच्या दिवशी, कुठल्या मिठाचं बघायचं होतं ते देव जाणे.

डिसेंबरच्या अखेरीला मंडळाचं पत्रक आलं. त्यात मृणालिनीच्या भाषणाची जाहिरात होती: ‘मराठ्यांच्या देशातून, इ.स. १३४२.’ खैरनारांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. १३४२! त्यांनी नऊ पानं काढली. समासात स्वच्छ छापलं होतं, हिजरी ७४३. हिजरी सन सुरू झाला ६२२ साली. सातशे त्रेचाळीस अधिक सहाशे बावीस, तेराशे पासष्ट. कागदावर केलं, कॅल्क्युलेटरवर केलं. तेराशे पासष्ट!

मनात शंका येऊन गेली नव्हती असं नाही. अकरा वर्षांपूर्वी नकाशा काढतानाच आली होती. मुसलमानी वर्ष चांद्र, म्हणजे अकरा दिवसांनी आखूड, हे त्यांना माहीत होतं. पण आपलंही वर्ष चांद्रच की. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, जावयाला अनारसे मिळतात आणि सूर्याशी गणित जुळून जातं. आजोबांच्या मांडीवर बसून पंचांग पाहिलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. तेव्हा बेरीज सरळ होती. पुण्याच्या बाईंची तेवीस वर्षांची चूक झाली होती, आणि तीही पत्रकात छापून!

पुढचे तीन आठवडे खैरनारांचे फार सुखात गेले. ऑफिसात शीळ घालायचे. घरी भाजीला नावं ठेवीनासे झाले. मृणालिनीचा फोन आला तर ‘हो हो, ये की, प्रोजेक्टर तयार आहे’ असं मधाळ बोलायचे. रेखा म्हणाली, ‘काय शिजतंय तुमच्या डोक्यात?’ ते म्हणाले, ‘कुठे काय.’ कार्यक्रमात, सगळं झाल्यावर, प्रश्नोत्तरांच्या वेळी उठायचं. आरडाओरडा नाही, फक्त एक साधा प्रश्न. सुमेधा हॉलमध्ये असणारच. तिला दिसू दे की अरबी येणं वेगळं आणि डोकं असणं वेगळं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ते घरी आले तर सुमेधा सोफ्यावर चढून कॅमेऱ्यानं नकाशाचे फोटो काढत होती.

‘हे कशाला?’

‘जस्ट अ थिंग, बाबा.’ ती खाली उतरली. मग नकाशाकडे बघतच तिनं विचारलं, ‘बाबा, यातलं काही चेंज करायचं असलं, तर यू वुड, राइट?’

खैरनारांच्या कपाळाला आठी पडली. आता त्या बाईचे चौल आणि बगदाद आपल्या नकाशात घुसवायचे होते की काय? ‘या नकाशातली एक रेघ बदलायची नाही,’ ते म्हणाले. ‘कुणाच्याही सांगण्यावरून.’

‘ओके, बाबा,’ सुमेधा म्हणाली आणि वर गेली.

शनिवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या कॅफेटेरियात मंडळ जमलं. काळ्या साड्या, त्यांच्याखाली बर्फाचे बूट, दारात ओल्या कोटांचा ढीग. हळदीकुंकू झालं. थंडीनं दगड झालेला तिळगूळ एकमेकांच्या हातावर ठेवून सगळ्यांनी गोड बोलायचे वायदे केले. मृणालिनीनं खैरनारांच्या हातावर तिळगूळ ठेवून वाकून नमस्कार केला. खैरनारांनी आशीर्वाद दिला आणि वडी खिशात टाकली.

प्रोजेक्टर मागच्या टेबलावर होता. स्लाइडचा गोल ट्रे सुमेधानं घरूनच भरून आणला होता. ‘डोन्ट टच द ऑर्डर, बाबा. तू फक्त बटण दाब.’ खैरनार बटण हातात घेऊन बसले, मनात एकच आकडा घोळवत.

मृणालिनी छान बोलली, हे त्यांना कबूल करावं लागलं असतं, कुणी विचारलं असतं तर. ती म्हणाली, ‘या मंडळात या प्रवाशाची ओळख खैरनार काकांनी करून दिली, मी फक्त पुढचं सांगते.’ खैरनारांना वाटलं, वरवरची मलमपट्टी. मग तिनं एक उतारा अरबीत वाचला. न कळणाऱ्या त्या शब्दांच्या ओघात मध्येच ‘नंदुरबार’ आलं, जरा वेगळ्या वळणानं, पण स्पष्ट. सगळा हॉल एकदम शांत झाला.  अकरा वर्षं खैरनारांनी हे नाव याच हॉलमध्ये घेतलं होतं, आणि एकदाही हॉल असा शांत झाला नव्हता. पुढे नाकाभुवयांचं वाक्य आलं. ‘आणि पुढचं वाक्य मी खैरनार काकांसारखंच गाळते,’ असं ती म्हणाली. हशा झाला. माझा विनोदसुद्धा, खैरनार मनात म्हणाले, माझा विनोदसुद्धा घेतला हिनं.

‘एक शेवटची स्लाइड राहिलीये,’ मृणालिनी म्हणाली. ‘त्याआधी कुणाला काही प्रश्न?’

खैरनार उठले. हातात बटण तसंच.

‘तुमच्या पत्रकात तेराशे बेचाळीस साल दिलंय. ते चुकीचं आहे.’

माना मागे वळल्या. मृणालिनीचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. ‘काका, त्यावर आपण जेवताना बोलूया का? जरा टेक्निकल आहे ते.’

ही पळवाट ऐकून खैरनारांना हुरूप चढला. ‘टेक्निकल काय त्यात? मी इंजिनिअर आहे. हिजरी सातशे त्रेचाळीस, अधिक सहाशे बावीस. तेराशे पासष्ट. शाळेतल्या मुलाची बेरीज आहे.’

‘बाबा,’ पहिल्या रांगेतून सुमेधा म्हणाली. ‘प्लीज. सिट डाउन.’

‘का? प्रश्न विचारायचा नाही? ह्यांनी पत्रकात छापायचं आणि आपण माना डोलवायच्या?’

नाडगौडा म्हणाले, ‘खैरनार, जेवण गार होतंय हो.’

‘होऊ दे. आधी उत्तर द्या. सगळ्यांसमोर.’

मृणालिनीनं सुमेधाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, पण शांत हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, ‘काका, हिजरी कालगणनेत अधिक महिना नसतो. वर्ष दर साली अकरा दिवसांनी मागे सरकत राहतं. सातशे त्रेचाळीस वर्षांत तो फरक बावीस-तेवीस वर्षांचा होतो. तेराशे पासष्ट साली तो प्रवासी केव्हाच घरी परतला होता.’

खैरनार उभेच राहिले. वाद घालणार, एवढ्यात त्यांना नंदुरबार आठवलं. खरंखुरं, झेरॉक्समधलं नव्हे. ते पाच-सहा वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून, शाल गुंडाळून, त्यांनी मोहरमचे ताबूत पाहिले होते. तोंडातून वाफ निघत होती. आणि मॅट्रिकच्या वर्षी तेच ताबूत भाद्रपदाच्या पावसात निघाले होते, वरून ताडपत्री धरून. ताडपत्रीचं एक टोक त्यांच्याच हातात होतं. दहा-अकरा वर्षांत मोहरम थंडीतून पावसाळ्यात आला होता आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तो येताना पाहिला होता. अधिक महिना असता तर तो हलला असता का? पुस्तकाची गरजच नव्हती. हे त्यांच्या गावानंच त्यांना शिकवलं होतं, आणि ते गावाच्या नावानं छाती काढून फिरताना तेवढंच विसरले होते.

‘चांगला प्रश्न होता, काका,’ मृणालिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच खैरनारांना जास्त लागलं. ‘शेवटची स्लाइड लावता?’

त्यांनी बटण दाबलं. खटक् आवाज झाला आणि भिंतीवर त्यांचा नकाशा आला.

चार फुटी नकाशा भिंतभर झाला होता. निळा समुद्र, लाल वाट, दिल्लीएवढा नंदुरबारचा ठिपका. प्रत्येक रेघ ओळखीची. फक्त खालच्या कोपऱ्यात एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर वर अरबीत एक ओळ आणि खाली देवनागरीत, वेड्यावाकड्या, मोठ्या कष्टानं काढलेल्या अक्षरांत: ‘नकाशा: प्रल्हाद खैरनार, नंदुरबार’. अक्षर सुमेधाचं होतं. चिठ्ठी जिथे लावली होती, तिथे नेमकं ‘इ.स. १३६५’ होतं.

म्हणजे दोघींना माहीत होतं. दोघींनी मिळून, फोटोपुरतं, ते झाकलं होतं. भाषणाचा शेवट त्यांच्या नावानं व्हायचा होता, टाळ्या त्यांना मिळायच्या होत्या, आणि चूक कुणालाही कळणार नव्हती. एवढ्या बारकाईनं लावलेली ती चिठ्ठी त्यांनी दोन मिनिटं आधी स्वतःच्या हातानं, भर सभेत उचकटून काढली होती. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, जरा जास्तच जोरात. खैरनारांनी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली.

जेवणात त्यांना घास उतरला नाही. नाडगौडा पाठीवर थाप मारून गेले, ते एक परवडलं, पण कर्नाटकवाल्या डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, ‘नकाशा फार सुंदर काढलाय हो तुम्ही,’ तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार वाजता ते निघाले. खैरनार गाडी चालवत होते, शेजारी सुमेधा, मागे रेखा मांडीवर डबे घेऊन. दोन्ही बाजूंना त्यांच्याच खात्यानं टाकलेलं मीठ पांढरं पडलं होतं. 

‘मृणालिनीनं सांगितलं तुला?’ अखेर त्यांनी विचारलं. ‘सालाचं?’

‘नो.’ सुमेधा खिडकीबाहेर बघत होती. ‘मीच तिला सांगितलं. की तुझ्या टॉकमध्ये त्याबद्दल बोलू नको म्हणून.’

‘मग तुला कसं कळलं?’

‘सेव्हन्थ ग्रेडमध्ये. माझा होमटाउनचा प्रोजेक्ट होता ना. मी ते पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं.’

‘आणि?’

‘आणि वाचलं.’

‘अख्खं?’

‘इट्स रिअली गुड, बाबा. तो मालदीवमध्ये जाऊन जज होतो आणि सगळ्यांवर वैतागतो. यू शुड रीड इट.’

 खैरनारांनी नऊ पानं वाचली होती. ही कुठल्यातरी शाळेच्या प्रोजेक्टसाठी लायब्ररीत गेली, अख्खं पुस्तक वाचून आली आणि चार वर्षं मागच्या खुर्चीत बसून बापाची चुकीची तारीख ऐकत राहिली. मान वर न करता. त्यांना वाटत होतं पोरीचं लक्ष नाही. आता त्यांना आपल्या पोरीचाच हेवा वाटला, आणि तो इतका झोंबला की डोळ्यांत पाणी आलं.

‘मग मला का नाही सांगितलंस?’

सुमेधानं खांदे उडवले. ‘तू इतका हॅपी असायचास ते सांगताना.’

पुढे सिग्नल लाल झाला. खैरनारांनी गाडी थांबवली. कानाची पाळी अजून जळत होती. सोमवारी ऑफिसात, पुढच्या गणपतीत, पुढच्या संक्रांतीला, ज्याच्या त्याच्या तोंडी हेच असणार होतं. पण त्या सगळ्या लाजेच्या तळाशी त्यांचं मन एक साधा हिशोब करत होतं. सातवी. म्हणजे एक्क्याऐंशी-ब्याऐंशी. मृणालिनी आली पंच्याऐंशीत.

‘सातवीत म्हणजे,’ ते समोर बघतच म्हणाले, ‘मृणालिनीच्या आधी ना?’

‘अहो, आता पुरे,’ मागून रेखा म्हणाली.

‘तू गप्प बस गं. सुमेधा, तिच्या आधी ना पण?’

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. खैरनार हलले नाहीत.

‘हो, बाबा,’ सुमेधा मराठीत म्हणाली. ‘तिच्या खूप आधी.’